व्याजावरचा पावसाळा

मुद्दल २००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, व्याज दरमहा शेकडा १. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वाटेकरी २०. प्रत्येकाच्या वाट्याला १२. हिशोब असा चपखल बसतो की एक नाणं उरत नाही आणि एक कमी पडत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा हिशोब कोरून ठेवलाय. इथला तेव्हाचा शक शासक, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात यानं हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची अक्षयनिवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. ही रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली: एकीकडे २००० शेकडा १ दरानं, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या, वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२, आणि १००० च्या व्याजातून वरखर्च. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं, दफ्तरी नोंदवलं, असंही शेवटी लिहिलंय. सासरा क्षत्रप, तेव्हा पैशाला तोटा नसणार. तरी जावई पक्का हिशोबी. आमच्या सराफ बाजारात सहज खपून गेला असता.

आम्ही नाशिककर लेण्यांवर जातो ते सकाळी व्यायामाला, नाहीतर पहिल्या पावसानंतर डोंगर हिरवा झाला की फोटो काढायला. खालून महामार्गाचा आवाज येत असतो. मीही कॉलेजात असल्यापासून त्या व्हरांड्यात खांबांची स्केचेस करत बसत आले. भिंतीवरची अक्षरं माझ्या लेखी दगडाचा पोत होता, चारकोल आडवा घासला की छान उमटायचा. त्या अक्षरांत काय आहे हे भाषांतरात वाचलं ते अलीकडे, एका भलत्याच कामापायी.

काम असं. गंगापूर धरणाच्या पलीकडे, गिरणाऱ्याच्या रस्त्याला, एका द्राक्षबागायतदार मित्राच्या मळ्यावर चार खोल्या रिकाम्या पडून होत्या. तिथे चित्रकार, लेखक, नाटकवाल्यांनी येऊन राहावं, आपलं काम करावं, असं त्याच्या मनात आलं. राहणं-जेवण फुकट, शिवाय हातखर्चाला दरमहा काही रक्कम. खर्च तो आणि त्याचे दोन-तीन मित्र मिळून करणार. निवड समितीत मला घेतलं. घेतलं म्हणजे काय, त्यांच्या ओळखीत चित्रं काढणारी बाई मीच होते.

पहिल्याच बैठकीत प्रश्न आला: बदल्यात काय? यादी भराभर तयार झाली. जाताना एक काम मळ्याला द्यावं. गावच्या शाळेत वर्कशॉप घ्यावं. शेवटच्या रविवारी ओपन स्टुडिओ. रोज एक फोटो टाकावा, म्हणजे मळ्याचंही नाव होईल. पैसे देणाऱ्यांपैकी एक बांधकाम व्यावसायिक आहेत, भला माणूस, नाटकाचं पहिलं तिकीट नेहमी त्यांचं असतं. ते म्हणाले, "ताई, फुकट ते पौष्टिक असं माणसाला वाटायला लागलं की काम होत नाही."

तेव्हा मी उषवदाताला मदतीला बोलावलं. वीस जणांना राहायला लेणं, कपड्याला पैसे, आणि त्या वीस जणांनी पावसाळाभर काय करायचं याबद्दल दगडावर एक ओळ नाही. किती सूत्रं पाठ झाली, किती जणांना उपदेश केला, कसलीच विचारणा नाही. ते ऐकून घेऊन बांधकामवाले म्हणाले, "ताई, ते भिक्षू होते. त्यांना शिस्त असते. तुमच्या लोकांना काय असतं?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. भिक्षूंना विनयाचे, म्हणजे संघाच्या आचारसंहितेचे, नियम होते हे खरंच. आमच्यात सकाळी अकराला उठणारे पुष्कळ. पण तिसऱ्या लेण्यातला लेख मला जास्त कामाचा वाटला. नहपानाचा पाडाव करून गौतमीपुत्र सातकर्णी आला, आणि त्यानं पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. देताना अटी घातल्या, पण त्या भिक्षूंवर नाहीत, स्वतःच्या माणसांवर आहेत: या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. देणाऱ्यानं स्वतःचेच हात बांधून घेतले. अनुदान देणाऱ्या कुठल्या खात्याच्या पत्रात असं वाक्य मी अजून वाचलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. सहा वर्षांनी, राजाच्या कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी, दुसरा आदेश निघाला, यावेळी राजमातेच्याही नावानं. आम्ही दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही. सबब शहराच्या शिवेवरच्या राजशेतातली १०० निवर्तनं त्याबदली द्यावीत. २०० ची १०० झाली. सरकारी निधीत कपात होण्याची परंपरा नाशकात किती जुनी आहे बघा. पण थट्टा बाजूला ठेवली, तर कागदावर शेत आहे आणि पदरात दाणा नाही, हे कोणीतरी वरपर्यंत कळवलं, आणि वरून कोणीतरी ते दुरुस्त केलं. सहा वर्षं लागली, पण केलं.

फुकट राहून माणूस काय करतो, हे मी अनुभवावरून सांगू शकते. पन्नाशीच्या आसपास परराज्यातल्या एका रेसिडेन्सीत मी राहून आले. पहिले कितीतरी दिवस मी झोपले. झोपेतून उठले की कुकरची शिट्टी झाली का, दूधवाला येऊन गेला का, असं काहीतरी कानात वाजायचं. कोणी तरी आणून ठेवलेलं जेवण जेवताना चोरी केल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू हात चालायला लागला, तोही सवयीच्या वाटेनं. म्हणजे गोदाघाट. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, ओल्या पायऱ्यांत पडलेलं प्रतिबिंब, दोन-तीन भगवे ठिपके. नाशिकच्या जलरंगवाल्याला हे झोपेत येतं, आणि विकलंही जातं. माझ्या मुलीची फी कैक वर्षं या पायऱ्यांनी भरलीय. तिथे बसून मी घाट काढला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि त्या खोलीत तो घेणारं कोणी नव्हतं. मग काढायचा कशाला? त्यानंतरची कामं वाईट झाली. चिखलट, कुठेच न पोचणारी. त्यातलं एकही मी दाखवलेलं नाही. पण आज माझ्या कामात जे काही थोडं बरं आहे ते त्या चिखलातून आलंय. वाईट चित्र काढायला सवड लागते आणि त्या सवडीचे पैसे कोणीतरी भरावे लागतात. इतकी साधी गोष्ट बैठकीत सांगताना मात्र माझी जीभ अडखळली, कारण समोर ज्यांचे पैसे होते त्यांना 'वाईट चित्रं' हा शब्द कसा ऐकू जाईल, याचा अंदाज येत होता.

बाहेर हे पैसे कोणी कोणी भरलेत ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये १९०७ साली मॅकडॉवेल नावाची वसाहत सुरू झाली. एडवर्ड मॅकडॉवेल संगीतकार होता, तो पुढच्याच वर्षी वारला. ती जागा उभी केली, टिकवली ती त्याच्या बायकोनं, मॅरियननं. ती पियानोवादक, गावोगाव कार्यक्रम करून तिनं वसाहतीसाठी पैसा जमवला. दुपारचं जेवण टोपलीत घालून प्रत्येकाच्या स्टुडिओच्या दारात ठेवायचं, दार वाजवायचं नाही, ही तिथली ख्याती. आपल्याकडे १९६६ साली चेन्नईजवळ चोलामंडल हे चित्रकारांचं गाव झालं, चित्रकार के. सी. एस. पणिकरांच्या पुढाकारानं. त्यांना देणारा कोणी उषवदात नव्हता. चित्रकारांनी बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्यातून जमीन आणि घरं केली. स्वतःच दाते, स्वतःच भिक्षू. दिल्लीच्या खोज या कलासंस्थेची सुरुवात १९९७ मध्ये मोदीनगरच्या कार्यशाळेपासून झाली. आणि मराठी लेखकापुरतं बोलायचं तर दिलीप चित्रे १९७५ ते ७७ आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. मराठी कवीला सवड द्यायला आयोवातल्या विद्यापीठाला सुचलं. आपल्या विद्यापीठांना पुरस्कार सुचतो, शाल सुचते. शाल काही महिनाभर पुरत नाही.

नाशिकमध्ये मात्र या विषयावर फाळक्यांशिवाय बोलताच येत नाही. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. पहिला चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत झाला आणि मग त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात आणला. माणसं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, एकत्र काम करायची. निवासी कलाकेंद्रच म्हणा की. त्याचं भांडवल कुठून आलं? पहिल्या चित्रपटासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, ही कामं त्या शिकल्या आणि करत राहिल्या. वर एवढ्या माणसांचा स्वयंपाक. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे ते फाळक्यांच्या नावाचं, ते योग्यच आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक कलेची अक्षयनिवी कुठल्या श्रेणीकडे ठेवलेली नव्हती, ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरात होती, आणि तिथे मुद्दलच खाल्लं गेलं. वर लेण्यात उषवदाताच्या बायकोचं, दक्षमित्रेचंही नाव कोरलेलं सापडतं, तिनं दिलेल्या खोलीपाशी. तिच्या नावाची एक तरी खोली आहे.

हल्ली आणखी एक प्रकार निघालाय. जाहिरातीत 'आर्टिस्ट रेसिडेन्सी', डोंगराचा फोटो, हातात मातीचा कप धरलेली मुलगी, आणि खाली बारीक अक्षरात महिन्याची फी. कलाकारानं अर्ज करायचा, निवड व्हायची, आणि मग त्यानंच पैसे भरायचे. तो होमस्टे आहे, पाटी वेगळी लावलीय. त्यात वाईट काही नाही, पण निवड झाल्याचं अभिनंदन कशाला करता?

आमच्या मळ्याच्या पैशांचा हिशोब मी आणि मित्रानं बसून केला. पावसाळ्याचे तीन महिने, चार माणसं. प्रत्येकी दरमहा २५,००० स्टायपेंड, जेवणाखाण्याला १५,०००. म्हणजे माणशी १,२०,००० आणि चौघांचे ४,८०,०००. स्वयंपाकाच्या मावशींचा वर्षभराचा पगार, वीज, खोल्यांची डागडुजी, चित्रांची ने-आण मिळून २,२०,००० धरले. वर्षाला ७ लाख. ठेवीवर ७ टक्के मिळतात असं मानलं तर मुद्दल १ कोटी लागतं. हा आकडा ऐकून मला घाम फुटला. बांधकामवाल्यांना फुटला नाही. ते म्हणाले, "एवढ्यात कॉलेज रोडला धड फ्लॅट येत नाही." मग आता ठेवा, म्हटलं. हसले. सध्या दर वर्षी वर्गणी काढायची असं ठरलंय, म्हणजे दर वर्षी कोणाच्या तरी दारात उभं राहायचं. अक्षयनिवी ठेवणाऱ्याचं शहाणपण अशा वेळी कळतं: तो मेला, सासऱ्याचं राज्य गेलं, तरी विणकरांच्या मागावर त्याचं व्याज चालू राहावं, अशी सोय त्यानं करून ठेवली.

पावसाळाच का, तर खोल्या तेव्हाच रिकाम्या. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की मळा गजबजतो, औषधांचे ड्रम, खोकी, सगळं त्या खोल्यांत शिरतं. शिवाय पावसाळ्यात एका जागी राहावं ही रीत इथे जुनी आहे, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आलेल्या चित्रकारानं तिसऱ्या दिवशी माझ्याकडे हेअर ड्रायर मागितला. तो विदर्भातला. गिरणाऱ्याच्या बाजूला पाऊस लागला की कागद पापडासारखा मऊ पडतो, वॉश वाळतच नाही, आणि तैलरंगाचा थर दाबला तर बोट आत जातं. तिथे राहिलेल्या कवयित्रीची मात्र काही तक्रार नव्हती. तिला मावशींच्या नागलीच्या भाकरीचं वेड लागलं होतं, आणि आमच्या गटाला तिच्याकडून कवितांपेक्षा भाकरीचे फोटो जास्त आले. ओपन स्टुडिओ मी शेवटी ऐच्छिक करून घेतला. शाळेतलं वर्कशॉप ठेवलं, कारण पोरांना मजा येते हे मलाही दिसत होतं. रोजचा फोटो रद्द. जाताना काम द्यायची अट रद्द व्हायला मात्र दोन वर्षं लागली.

अर्ज वाचणं हे सगळ्यात अवघड. इंग्रजी शाळांतून आलेली मुलं स्टेटमेंट असं लिहितात की काम न बघताच माणूस दबून जावा. 'स्मृती', 'अवकाश', 'शरीर', 'हस्तक्षेप'. मग पोर्टफोलिओ उघडावा तर चार फोटो. उलट ज्यांचं काम बघून खुर्चीत सरसावून बसावं, त्यांच्या अर्जात दोन ओळी: मी लहानपणापासून चित्र काढतो, मला संधी द्यावी ही विनंती. बायकांचे अर्ज वेगळेच ओळखू येतात. त्यात तारखांबद्दल प्रश्न असतात. मुलाची परीक्षा संपल्यावर येता येईल का, मधे तीन दिवस सासूबाईंच्या श्राद्धाला जाऊन येऊ का, एक महिनाच राहिले तर चालेल का. एकीनं विचारलं होतं की पाच वर्षांच्या मुलीला सोबत आणलं तर चालेल का, तिच्या जेवणाचे पैसे मी वेगळे देईन. तिला आम्ही घेतलं, मुलीसकट. पैसे घ्यायचे का, यावर समितीत जवळजवळ अर्धा तास चर्चा झाली याची मला अजून लाज वाटते. नाही घेतले.

घर सोडून राहण्यात सगळ्यांचं भलं असतं असं गृहीत धरून आम्ही हे सगळं मांडलेलं आहे. ते गृहीतक मला पूर्वीइतकं पक्कं वाटत नाही. जनगढ सिंह श्याम पाटनगढचा गोंड चित्रकार. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रानं, चित्रकार जे. स्वामिनाथनांच्या माणसांनी, त्याला गावातून आणलं आणि त्याच्या हातून एक अख्खी चित्रशैली उभी राहिली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात राहून चित्रं काढत असताना त्यानं तिथेच आत्महत्या केली. राहायला जागा होती, जेवण होतं, काम होतं. मॅकडॉवेलची टोपली ज्याला आवडते त्याला आवडते. कोणाला दार वाजवणारं माणूस हवं असतं.

यंदा एक अर्ज आला तो अर्ज नव्हताच. सुरगाणा तालुक्यातल्या एका शिक्षकानं व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस मेसेज आणि काही फोटो पाठवले. बोहाड्याचे, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवातले, मुखवटे. फोटो अंधारात काढलेले, मागे घराची कुडाची भिंत, पण एका मुखवट्याच्या गालावरचा पिवळा असा काही लागला होता की मी फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. मेसेजमध्ये मुखवटे करणारा माणूस स्वतः बोलत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मला तिकडे यायला जमणार नाही, पावसात भाताची आवणी असते, नागली असते, घरी म्हातारी आहे. पण दर पावसाळ्यात घर चालवायला मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि मग ती फेडायला दिवाळीनंतर बायकोपोरांना घेऊन द्राक्षाच्या कामावर जावं लागतं. परत येईपर्यंत बोहाडा तोंडावर येतो आणि मुखवटे घाईत होतात. तुम्ही देता ते पैसे मला पावसात घरीच दिले, तर उचल घ्यावी लागणार नाही. मग मी हिवाळाभर घरी बसून मुखवटे करीन.

बैठकीत मी तो मेसेज सगळ्यांना ऐकवला. कोणी तरी म्हणालं, मग ही रेसिडेन्सी कसली, ही तर मदत झाली. कोणी म्हणालं, एकाला घरी दिले तर उद्या सगळेच मागतील. बांधकामवाल्यांनी आकडेमोड करून दाखवली की जेवण आणि वीज वाचत असेल तर तेवढ्याच पैशांत दुसरा एक माणूस बसतो. मी म्हटलं, रक्कम तीच, महिने तेच, फक्त खोली त्याची. नियमावली माझ्या लॅपटॉपवर उघडीच होती, त्यात बदल करायला दोन मिनिटं लागली असती.

मळ्याचा मालक इतका वेळ गप्प होता. त्याच्याकडे छाटणीला दर वर्षी सुरगाणा-पेठकडच्या टोळ्या येतात, मुकादमामार्फत, उचल देऊनच. बांधाच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या घालून राहतात. खोल्यांत औषधांचे ड्रम असतात.

"तो कोणाच्या मळ्यावर जातो कामाला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही, विचारून सांगते.